टीएसएच पुन्हा पुन्हा वरखाली होतो: डोस बदलण्याआधी काय तपासावे

थायरॉइडची गोळी चालू असूनही टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणाऱ्या हार्मोनचा रक्तातला आकडा, जो साधारण ०.४ ते ४ असावा) एका तपासणीत ९ येतो, डोस वाढवला की पुढच्या तपासणीत ०.३ वर घसरतो, डोस कमी केला की काही महिन्यांत पुन्हा ७ च्या पुढे जातो, आणि या सगळ्या काळात थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे आणि मधूनच होणारी छातीतली धडधड यांचा पाळीपाळीने फेरा चालू राहतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्या बाबतीत हा फेरा सुमारे दीड वर्ष चालला. ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची झाली, ७५ ची १०० ची, मग परत ७५ आणि पुन्हा १००. शेवटी लक्षात आले की दोष गोळीच्या ताकदीत नव्हताच. हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी मी न्याहारीबरोबर, म्हणजे थायरॉइडच्या गोळीनंतर पाऊण तासाने घेत होते. तीही सलग नव्हे, तर एक बाटली संपली की महिना-दोन महिने विसरून जायचे आणि कंबर दुखू लागली की पुन्हा सुरू करायची. कॅल्शियम चालू असे तेव्हा टीएसएच चढत होता आणि बंद असे तेव्हा उतरत होता. डोस मात्र प्रत्येक वेळी थायरॉइडच्या गोळीचा बदलला जात होता.

डोस नुसता कमी पडत असेल, तर टीएसएच सतत चढाच राहतो. नुसता जास्त होत असेल, तर सतत उतरलेला राहतो. तो वरखाली होत असेल, तर डोसव्यतिरिक्त दुसरे काहीतरी बदलत असते, आणि ते काय आहे हे सापडेपर्यंत डोस बदलत राहिल्याने पुढचा रिपोर्ट अधिकच दिशाभूल करतो. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिले आहे ते डोस स्वतःच्या मनाने बदलण्यासाठी नसून, डॉक्टरांपुढे जाण्याआधी आपल्या बाजूने काय तपासून ठेवता येते एवढ्यापुरते आहे.

टीएसएच कसा वागतो

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत तयार होतो आणि थायरॉइडला काम करण्याचा हुकूम देतो. रक्तातले थायरॉइड हार्मोन कमी झाले की हुकूम मोठ्या आवाजात सुटतो, म्हणजे टीएसएच वाढतो. हार्मोन जास्त झाले की तो दबतो. हे नाते सरळ रेषेतले नाही. रक्तातल्या फ्री टी-४ मध्ये, म्हणजे थायरॉइड हार्मोनच्या मोकळ्या भागात, दुपटीचा फरक पडला, तर टीएसएचमध्ये शंभरपटीच्या आसपास फरक पडू शकतो. त्यामुळे २ वरून ६ वर गेलेला आकडा पाहून हार्मोन तिपटीने कमी झाले असे समजण्याचे कारण नाही. मूळ फरक बराच लहान असू शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी शरीरात दीर्घकाळ टिकते. तिचे अर्धे प्रमाण उरायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून नवा डोस सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच तपासण्याची योग्य वेळ ६ ते ८ आठवड्यांनंतरची असते. थकवा जात नाही म्हणून तिसऱ्याच आठवड्यात तपासणी करून घेतली आणि त्या आकड्यावर डोस पुन्हा वाढवला, तर आधीच्या वाढीचा परिणाम पूर्ण दिसण्याआधीच दुसरी वाढ तिच्यावर चढते आणि तीन महिन्यांनी टीएसएच तळाला गेलेला असतो. माझ्या चार बदलांपैकी एक असाच घाईचा होता, आणि घाई माझीच होती.

सकाळचा पहिला तास

गोळीचे शोषण लहान आतड्यात होते आणि अनशापोटी घेतली तरी तिचा साधारण ६० ते ८० टक्केच भाग रक्तात पोचतो. पोटात दुसरे काही असेल तर तो आणखी घटतो. पाण्याबरोबर गोळी आणि त्यानंतर ३० ते ६० मिनिटे काही नाही, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण आपल्या घरांत चहा हा खाण्यात धरलाच जात नाही. ‘मी काहीच खात नाही, फक्त चहा घेते’ हे वाक्य मी स्वतः डॉक्टरांपुढे उच्चारलेले आहे. त्या चहात दूध असते आणि दुधामुळे गोळीचे शोषण कमी होते. कॉफीमुळेही ते घटते, मग ती बिनदुधाची असली तरी. गोळी घेऊन लगेच चहा पिण्याची सवय रोज एकसारखी असेल, तर डॉक्टर त्या सवयीसकट डोस जुळवू शकतात. घोळ होतो तो सोमवार ते शनिवार घाईत गोळी आणि चहा एकत्र आणि रविवारी निवांत तासभराचे अंतर, असा अनियम असला की. सोयाबीनच्या वड्या, सोया दूध आणि तंतुमय पदार्थांचा भरपूर नाश्ता यांनाही हेच लागू आहे. कोबी आणि फ्लॉवर यांना मात्र विनाकारण बदनाम केले जाते. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास गोळी घेणाऱ्या माणसाला त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरा अडथळा करतात ते कॅल्शियम आणि लोह. हे दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे गोळीतल्या औषधाला, चिकटून बसतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर लागते. अर्धा तास किंवा एक तास पुरत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही बहुधा हे दोन्ही असतात, त्यामुळे ‘ताकदीची गोळी’ म्हणून न्याहारीनंतर घेतली जाणारी ती लालसर गोळीही याच हिशेबात धरावी. ॲल्युमिनियम असलेले पातळ अँटासिड आणि जठरातल्या जखमेसाठी दिले जाणारे सुक्राल्फेट यांचेही तेच.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या थायरॉक्सिनला चिकटत नाहीत. त्या जठरातले आम्ल कमी करतात, आणि गोळी नीट विरघळण्यासाठी ते आम्ल लागते. म्हणजे दोन गोळ्यांत अंतर ठेवूनही हा परिणाम पूर्णपणे टळत नाही, कारण आम्ल दिवसभर कमीच असते. ॲसिडिटीची गोळी कायमची असेल, तर थायरॉइडचा डोस थोडा वाढवावा लागू शकतो; पण ती पंधरा दिवस चालू आणि महिनाभर बंद अशी घेतली जात असेल, तर टीएसएचही तिच्यामागे फिरतो. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय, लग्नाच्या जेवणाआधीसुद्धा घेतली जाते आणि डॉक्टरांनी ‘दुसरी काही औषधे चालू आहेत का’ असे विचारले तर कोणी तिचा उल्लेख करत नाही.

ज्यांना सकाळचा तास पाळणे शक्यच नाही, म्हणजे पहाटे डबे करणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या किंवा उठताक्षणी चहा लागणाऱ्या मंडळींना रात्रीची वेळ हा चांगला पर्याय आहे. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतल्यास शोषण चांगले होते. नेदरलँड्समधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सकाळपेक्षा रात्री गोळी घेतल्यावर टीएसएच अधिक उतरलेला आढळला होता. अट एवढीच की झोपताना दूध किंवा इसबगोल घ्यायचे नाही, आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर असेल तर ते दुपारी हलवायचे. रोजे पाळणाऱ्यांनाही त्या महिन्यासाठी अशी एक वेळ डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून ठेवता येते. वेळ बदलली की तो बदलही डोस बदलण्याइतकाच मोठा धरावा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा.

बाटली आणि विसरलेल्या गोळ्या

थायरॉक्सिन हे नाजूक औषध आहे. ओल, उष्णता आणि उजेड यांनी त्याची ताकद कमी होते. गॅसच्या ओट्यावरची फळी, न्हाणीघरातले कपाट आणि कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली या तिन्ही जागा त्यासाठी वाईट. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि आठवड्याच्या डबीत भरायच्याच असतील तर एका वेळी एकाच आठवड्याच्या भराव्यात. दुकानात नेहमीची कंपनी नसेल आणि ‘तेच औषध आहे’ म्हणून दुसरी दिली गेली, तर औषध खरोखर तेच असते. पण दोन कंपन्यांच्या गोळ्यांच्या शोषणात थोडा फरक असू शकतो आणि या औषधात थोडा फरकही टीएसएचमध्ये दिसतो. शक्यतो एकच ब्रँड ठेवावा, आणि बदललाच तर तारीख लिहून ठेवावी.

गोळी विसरणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत कमी कबूल केली जाणारी अडचण आहे. एखादी चुकली तर औषध शरीरात टिकून असल्यामुळे काही बिघडत नाही. त्याच दिवशी पोट रिकामे असताना आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात का, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे. हृदयविकार असणाऱ्यांनी तरी मनाने दुप्पट घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीन चुकत असतील, तर मात्र तो डोस कमी केल्यासारखाच प्रकार आहे. याची एक खूण रिपोर्टमध्येही दिसते. तपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस नेमाने गोळी घेतली की फ्री टी-४ सुधारतो, पण टीएसएच त्यामानाने सावकाश उतरतो. त्यामुळे टीएसएच चढलेला आणि फ्री टी-४ व्यवस्थित किंवा वरच्या बाजूला, असे जोडीने दिसले की अनुभवी डॉक्टर डोस वाढवण्याआधी बाटलीतल्या उरलेल्या गोळ्यांची चौकशी करतात. त्यांना खरे सांगण्यातच आपला फायदा असतो, कारण विसरलेल्या गोळ्यांवर वाढवलेला डोस, पुढे आपण नियमित झालो की, जास्त ठरतो.

आकडाच चुकीचा असेल तर

काही वेळा शरीर ठीक असते आणि रिपोर्ट फसवतो. याचे सर्वांत चपखल उदाहरण बायोटिन या जीवनसत्त्वाचे आहे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या सुरू होतात. अनेक लॅबमधल्या चाचणीपद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करते आणि टीएसएच खोटा कमी, तर फ्री टी-४ खोटा जास्त दाखवते. रिपोर्ट पाहून थायरॉइडचा डोस घटवला जातो, खरी कमतरता वाढते, केस आणखी गळतात आणि बायोटिन अधिक नेमाने घेतले जाते. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे; डोस फार मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावे. ‘केस, त्वचा, नखे’ असे लिहिलेल्या बहुतेक डब्यांत ते असते.

टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री तो चढलेला असतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिले, तर डोस न बदलताही आकडे वेगळे येतात. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये, सकाळच्या एकाच सुमारास आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त द्यावे. गोळी घेऊन गेल्यास पुढचे काही तास फ्री टी-४ फुगलेला दिसतो. तापातून उठल्यावर किंवा इस्पितळातून नुकतेच घरी आल्यावर केलेल्या तपासणीवरही लगेच निर्णय घेऊ नये, कारण मोठ्या आजारपणात हे आकडे काही काळ आपसूक हलतात.

शरीराची गरजच बदलते तेव्हा

वरचे सगळे नीट असेल, तर डोस बदलण्याचे कारण खरे असू शकते. आपल्याकडे हायपोथायरॉइडिझमचे, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचे, प्रमाण कमी नाही; मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये तो आढळला होता. अनेकांच्या बाबतीत मूळ कारण हाशिमोटोचा आजार हे असते, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा हळूहळू थायरॉइड ग्रंथीच नष्ट करते. सुरुवातीला ग्रंथी थोडेफार काम करत असते म्हणून ५० ची गोळी पुरते. काही वर्षांनी पुरत नाही. असा बदल सावकाश आणि एकाच दिशेने होतो, झोक्यासारखा नव्हे.

गरोदरपणात गरज झपाट्याने वाढते. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते, म्हणून गर्भधारणा कळताच, पुढच्या नेहमीच्या भेटीची वाट न पाहता, डॉक्टरांना फोन करावा. डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवला जातो आणि पुष्कळ डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या अशी सोपी पद्धत सांगतात. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते. नेमक्या याच काळात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात, म्हणजे गरज वाढते आणि शोषण घटते, असा दुहेरी पेच पडतो. सकाळी थायरॉइड, दुपारी लोह, रात्री कॅल्शियम अशी दिवसाची वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर लावलेली बरी. बाळंतपणानंतर डोस पुन्हा पूर्वीइतका करतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहतात.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, फेफऱ्यासाठीची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यांनी डोसची गरज वाढू शकते, आणि ती औषधे थांबली की पुन्हा कमी होते. वजन बरेच घटले तरी गरज कमी होऊ शकते. वाजवी डोस देऊनही आणि वेळा पाळूनही टीएसएच उतरतच नसेल, तर सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा) किंवा जठरातला जिवाणूसंसर्ग यांसारखी शोषणाची कारणे डॉक्टर शोधतात.

टीएसएच जागेवर, तरी थकवा आहे

ही तक्रार सर्वांत अवघड, कारण इथे डोस वाढवून मागण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान स्थिर असेल, तर उरलेल्या थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि रक्तातली साखर पाहावी. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता आणि पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत लोहाची कमतरता इतकी सर्रास आढळते की सगळा दोष थायरॉइडवर टाकणे अन्यायाचे होते. रात्री मोठ्याने घोरणे आणि सकाळी जड डोक्याने उठणे हे झोपेत श्वास अडण्याचे लक्षण असू शकते. उदासपणाचे आणि रजोनिवृत्तीचे त्रासही हायपोथायरॉइडिझमच्या लक्षणांशी हुबेहूब जुळतात. वजनाबद्दल थोडे कटू बोलावे लागेल. थायरॉइड कमी पडल्याने वाढणारे वजन बहुधा थोडेच, दोन-पाच किलो असते आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यापलीकडचे पंधरा किलो थायरॉइडच्या गोळीने उतरत नाहीत.

वजनासाठी किंवा उत्साहासाठी जास्त डोस घेण्याची किंमत हृदय आणि हाडे मोजतात. टीएसएच दीर्घकाळ ०.१ च्या खाली राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये टीएसएच ४ ते ६ असला तरी पुष्कळदा चालतो. आजींचा आकडा नातीच्या आकड्याशी जुळवायला जाऊ नये.

डोस बदलायचाच ठरला, तर डॉक्टर बहुधा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमच्या पायरीने जातात. पूर्ण गरजेचा ढोबळ हिशेब दर किलो वजनामागे दिवसाला १.६ मायक्रोग्रॅम असा आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १००. पण ज्यांची ग्रंथी अजून थोडे काम करते त्यांना यापेक्षा कमी पुरते, आणि वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून चढवत नेतात. ७५ कमी आणि १०० जास्त होत असेल तर पाच दिवस ७५ आणि दोन दिवस १००, असा आठवड्याचा हिशेबही बसवता येतो. त्याची रोजची सरासरी सुमारे ८२ पडते. पिट्युटरी ग्रंथीचाच आजार असलेल्यांना मात्र यातले टीएसएचबद्दलचे काही लागू नाही. त्यांचा डोस फ्री टी-४ पाहून ठरतो.

छातीत दुखणे, अनियमित किंवा फार जलद ठोके, दम लागणे, तसेच अंग थंड पडून माणूस गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे.

मी आता एका छोट्या वहीत पाच गोष्टी लिहिते: गोळीची ताकद व ब्रँड, नवी बाटली उघडल्याची तारीख, चुकलेल्या गोळ्या, सुरू किंवा बंद झालेले कोणतेही दुसरे औषध, आणि रक्त दिल्याची तारीख व वेळ. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर गेले आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वहीचे ते पान दोन मिनिटे वाचले, डोस ७५ वर आणला आणि आठ आठवड्यांनी या म्हणाले. त्यानंतरच्या अडीच वर्षांत टीएसएच १.८ आणि २.९ च्या मध्ये राहिला आहे. मधे एकदा तो ५ वर गेला होता, तेव्हा वहीत पाहिले तर आधीचे दोन महिने ॲसिडिटीची गोळी चालू होती.